मुसअब बिन उमैर

(मृत्यू : मार्च 625). मुहंमद पैगंबरांचे सहाबी (सोबती), मदिनेतील इस्लामचे पहिले शिक्षक आणि उहुदच्या लढाईतील शहीद. जन्म मक्केत, कुरैश जमातीच्या अब्द अद्-दार कुळात. युद्धात कुरैशांचे निशाण धरण्याचा मान परंपरेने याच कुळाचा होता.

आई खुनास बिंत मालिक श्रीमंत आणि करारी. तिच्या लाडात वाढलेल्या मुसअब यांची उंची वस्त्रे आणि अत्तरे मक्केत सर्वांना ठाऊक होती. सफा टेकडीजवळ अरकम यांच्या घरी जाऊन त्यांनी इस्लाम स्वीकारला, पण घरी सांगितले नाही. उस्मान बिन तल्हा यांनी त्यांना नमाज पढताना पाहिले आणि बातमी घरी पोचवली. घरच्यांनी कोंडून ठेवले. तिथून सुटून ते अबिसिनियाला गेले. परतले तेव्हा अंगावर जाडेभरडे कपडे होते.

त्यांचे सर्वांत मोठे काम यसरिबचे, म्हणजे पुढच्या मदिनेचे. 621 मध्ये मक्केजवळच्या अकबा येथे यसरिबच्या काही लोकांनी पैगंबरांना निष्ठेची पहिली शपथ दिली; त्यानंतर पैगंबरांनी त्यांना तिथे कुरआन शिकवायला धाडले. ते असद बिन जुरारा यांच्याकडे उतरले. स्थानिक सरदार उसैद बिन हुदैर भाला घेऊन त्यांना हुसकायला आले, तेव्हा मुसअब यांनी एवढेच सुचवले, की बसून ऐका. पटले नाही तर आम्ही थांबू. उसैद बसले, ऐकले आणि मुसलमान झाले. पाठोपाठ दुसरे सरदार साद बिन मुआज आणि त्यांचे सारे कूळ आले. पुढल्या वर्षी यसरिबच्या सत्तरहून अधिक लोकांनी अकबाला शपथ घेतली आणि हिजरतीचा, म्हणजे पैगंबरांच्या मदिनेतील स्थलांतराचा, मार्ग मोकळा झाला. उहुदच्या शौर्यापेक्षाही, शस्त्राविना झालेले हे काम इतिहासाच्या दृष्टीने मोठे मानले पाहिजे.

बद्र (624) आणि उहुद या दोन्ही लढायांत मुसलमानांचे निशाण त्यांच्याकडे होते. उहुदला समोरचे मक्केचे निशाणही अब्द अद्-दार कुळातल्याच माणसांच्या हाती होते. मक्केच्या बाजूच्या इब्न कमिआ याने मुसअब यांना ठार केले आणि आपण पैगंबरांनाच मारले, अशी आवई उठवली. उजवा हात तुटल्यावर त्यांनी डाव्या हातात आणि तोही तुटल्यावर छातीशी निशाण धरल्याची कथा इब्न साद यांच्या ‘तबकात’मध्ये येते. पत्नी हमना बिंत जहश यांनी त्या दिवशी भाऊ आणि मामा हमजा गेल्याचे धीराने ऐकले; पतीचे नाव कानी पडताच मात्र त्यांनी हंबरडा फोडला.

कफनाला एकच पट्टेदार चादर मिळाली. डोके झाकले की पाय उघडे पडत, पाय झाकले की डोके. पैगंबरांनी डोके झाकून पायांवर इजखिर गवत घालायला सांगितले. सहाबी खब्बाब बिन अरत यांची ही आठवण बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. पुढे श्रीमंत झालेले सहाबी अब्दुर्रहमान बिन औफ यांना रोजा सोडताना ही चादर आठवली आणि रडू फुटून समोरचे जेवण तसेच राहिले.

मुसअब यांच्यासह उहुदच्या शहिदांना गुस्ल (अंत्यस्नान) न देता, जनाज्याची नमाज न पढता रक्तासह दफन केले, असे सहाबी जाबिर बिन अब्दुल्ला सांगतात. रणात पडलेल्या शहिदाबाबत शाफई पंथ हाच नियम पाळतो. हनफी पंथात गुस्ल नसला तरी नमाज आहे. भारतातील बहुसंख्य मुसलमान हनफी असले, तरी रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान शाफई आहेत.