'निदान सलाईन तरी लावा'

सेप्सिसने रक्तदाब कोसळलेला रुग्ण आला की पहिल्या काही तासांत सलाईन वेगाने चढवायचे, हा नियम गेली वीस-पंचवीस वर्षे जवळजवळ निर्विवाद मानला गेला आहे. जिथे आयसीयू आहे तिथे त्यामागे मार्गदर्शक सूचनांचा अधिकार उभा असतो. जिथे आयसीयू नाही तिथे एक वेगळा, जास्त हळवा युक्तिवाद ऐकू येतो: व्हेंटिलेटर नाही, तज्ज्ञ नाही, मग निदान सलाईन तरी लावा, गुण आला नाही तरी अपाय काही होणार नाही. या लेखाचा रोख त्या शेवटच्या चार शब्दांवर आहे. अपाय होतो. तो मोजला गेला आहे, आणि तो सर्वांत ठळक दिसला तो सुविधा नसलेल्या वॉर्डांतच.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडला पाहिजे. जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराची प्रतिक्रियाच बेताल होते आणि ती स्वतःच्या अवयवांना इजा करू लागते, ती अवस्था म्हणजे सेप्सिस. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज आहे. म्हणजे दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. या अवस्थेत रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरू लागतो, रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात. वाहिन्या रिकाम्या पडल्या असतील तर त्या भराव्यात, हे तर्काला धरून आहे. त्याला इतिहासाचीही साथ आहे. १८३२ साली एडिनबराजवळच्या लीथमध्ये थॉमस लॅटा या डॉक्टरने पटकीने मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले आणि त्यांतले काही उठून बसले. शिरेतून द्रव देण्याच्या उपचाराची सुरुवात तिथली.

आधुनिक आधार मिळाला २००१ साली. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात इमॅन्युएल रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, ठरावीक उद्दिष्टे गाठण्यासाठी पहिल्या सहा तासांत झपाट्याने उपचार केलेल्या गटात रुग्णालयातील मृत्यू ३०.५ टक्के होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात ४६.५ टक्के. झपाट्याच्या गटाला त्या सहा तासांत सरासरी पाच लिटरच्या आसपास द्रव मिळाला होता, दुसऱ्या गटाला साडेतीन. पुढे 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन' या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या सूचनांत नियम रूढ झाला: पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोला ३० मिली. साठ किलोच्या माणसाला जवळपास दोन लिटर. अमेरिकेत २०१५पासून हा आकडा रुग्णालयांच्या गुणवत्तेच्या निकषांतच जाऊन बसला.

आता खंडन. लॅटाचे रुग्ण पटकीचे होते. त्यांच्या शरीरातले पाणी आणि क्षार जुलाबावाटे अक्षरशः वाहून गेले होते. गेलेले परत दिले आणि माणूस उठला. हाच न्याय १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने सिद्ध केला, आणि त्याबद्दल कुणाच्याही मनात शंका असू नये. पण सेप्सिसमध्ये बहुधा पाणी शरीराबाहेर गेलेले नसते. ते वाहिन्यांतून निसटून ऊतींमध्ये जाऊन बसलेले असते, आणि वाहिन्यांनी आपला ताण सोडलेला असतो. वरून दोन लिटर ओतले तर त्यातलेही बरेचसे त्याच वाटेने जाते. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात अति पाण्याने चोपण झालेली जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल: पाणी भरपूर आहे, पण मुळाला हवा नाही. पाण्याने फुगलेल्या ऊतीत प्राणवायूला पेशीपर्यंत पोचायला जास्त अंतर कापावे लागते.

रिव्हर्स यांच्या चाचणीतही श्रेय कशाचे, हे उलगडत नाही. तिथे रक्त दिले जात होते, हृदयाला जोर देणारी औषधे होती, शिवाय त्या गटाच्या डॉक्टरांचे रुग्णावर सततचे लक्ष होते. ७२ तासांअखेर दोन्ही गटांना मिळालेला एकूण द्रव जवळजवळ सारखाच भरला. नंतर २०१४-१५मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंड येथे याच पद्धतीच्या तीन मोठ्या चाचण्या झाल्या. तिन्हींत मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तोवर नेहमीचा उपचारच सुधारला होता, असे पूर्वपक्ष म्हणतो. ते खरेही आहे. पण मग सुधारणेतला कोणता भाग कामाला आला? न्यूयॉर्क राज्यातील १४९ रुग्णालयांमधल्या ४९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी २०१७ साली प्रसिद्ध झाल्या. प्रतिजैविक जितके उशिरा, तितका मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. ठरलेली सलाईन पूर्ण व्हायला लागलेल्या वेळेचा मात्र तसा संबंध दिसला नाही.

हे सारे पुरावे फार तर 'फायदा सिद्ध नाही' एवढेच सांगतात. अपायाचा पुरावा पूर्व आफ्रिकेतून आला. कॅथरिन मेटलंड यांच्या नेतृत्वाखाली केनिया, युगांडा आणि टांझानियातील सहा रुग्णालयांत तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणे असलेल्या मुलांवर 'फीस्ट' ही चाचणी झाली. जुलाब-उलट्यांची मुले आणि तीव्र कुपोषित मुले मुद्दाम वगळली होती. एका गटाला दर किलोला २० ते ४० मिली सलाईन झटपट दिले, दुसऱ्याला त्याच प्रमाणात अल्ब्युमिन या प्रथिनाचे द्रावण, आणि तिसऱ्याला यांतले काहीच नाही. फक्त रोजच्या गरजेपुरता द्रव, प्रतिजैविके, मलेरियाचे औषध, लागेल तसे रक्त आणि ऑक्सिजन. ही बाकीची शुश्रूषा तिन्ही गटांना सारखी होती. झटपट द्रवाने जीव वाचतील, अशीच संशोधकांची अपेक्षा होती. ३,६०० मुलांची योजना असताना ३,१४१ मुलांवर, जानेवारी २०११मध्ये, देखरेख समितीच्या शिफारशीने चाचणी थांबवावी लागली. ४८ तासांतले मृत्यू अल्ब्युमिनच्या गटात १०.६ टक्के, सलाईनच्या गटात १०.५ टक्के आणि झटपट द्रव न दिलेल्या गटात ७.३ टक्के होते. दर शंभर मुलांमागे तीन मुले जास्त गेली.

या आकड्यांपेक्षाही मला त्यातला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. झटपट द्रव दिलेल्या मुलांत तासाभराने शॉकची लक्षणे जास्त प्रमाणात ओसरली होती: ४३ टक्के मुलांत, तर दुसरीकडे ३२ टक्क्यांत. म्हणजे खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला आणि आईला मूल सावरताना दिसत होते, आणि तीच मुले पुढे जास्त दगावली. 'सलाईनने गुण येतो, आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे' हा अनुभवाचा दाखला इथे कोसळतो. पाहिलेले खोटे नसते, पण ते पहिल्या तासाचे असते. फुप्फुसांत पाणी भरल्याने ही मुले गेली असावीत, हा पहिला तर्कही टिकला नाही. नोंदी तपासल्यावर वाढीव मृत्यू मुख्यतः रक्ताभिसरण कोसळून झाल्याचे आढळले. ज्यासाठी द्रव दिला, तेच बिघडले.

आक्षेप तत्काळ आले. ही मुले मलेरियाची, रक्त कमी असलेली; हा निष्कर्ष इतरांना लागू करू नका. पण मलेरिया नसलेल्या मुलांतही अपायाची दिशा तीच होती. मुलांचे मोठ्यांना लागू होत नाही, या आक्षेपाचे उत्तर झांबियातून आले. लुसाकाच्या विद्यापीठ रुग्णालयात सेप्सिस आणि उतरलेला रक्तदाब असलेल्या २०९ प्रौढांत, ठरवून जास्त द्रव देणाऱ्या पद्धतीत ४८.१ टक्के रुग्ण दगावले, नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के. पहिल्या सहा तासांत एका गटाला साधारण साडेतीन लिटर मिळाले होते, दुसऱ्याला दोन. बहुसंख्य रुग्ण एचआयव्हीबाधित होते, हे खरे. पण जगातले सेप्सिसचे रुग्ण डेट्रॉइटमध्ये कमी आणि लुसाकासारख्या ठिकाणी जास्त आहेत, हेही तितकेच खरे.

उलट बाजूही सांगायला हवी. युरोपातील 'क्लासिक' (२०२२) आणि अमेरिकेतील 'क्लोव्हर्स' (२०२३) या मोठ्या चाचण्यांत सुरुवातीचा द्रव दिल्यानंतर हात आखडता घेतला किंवा सैल सोडला, तरी मृत्यू सारखेच राहिले. द्रव विष आहे, असा अर्थ कुणी काढू नये. मीही काढत नाही. मला यातून दिसते ते असे, की श्वास अडला तर व्हेंटिलेटर आणि रक्तदाब घसरला तर नॉरॲड्रेनलिनचा पंप हाताशी असलेल्या ठिकाणी जास्तीच्या लिटरची चूक बरीचशी झाकली जाते. ग्रामीण रुग्णालयात ती झाकणारे काही नसते. 'निदान सलाईन तरी' हा युक्तिवाद म्हणूनच उलटा आहे.

हे आता मार्गदर्शक सूचनांतही उतरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले, की गार हातपाय, तीन सेकंदांहून सावकाश परतणारी केशवाहिन्यांची लाली आणि क्षीण पण जलद नाडी ही तिन्ही लक्षणे असतील तरच मुलाला झटपट द्रव द्यावा, तोही दर किलोला १० ते २० मिली, अर्ध्या ते एका तासात. मुलांसाठीच्या २०२०च्या सेप्सिस सूचना आणखी स्पष्ट आहेत: आयसीयू उपलब्ध नाही आणि रक्तदाब उतरलेला नाही, तर झटपट द्रव देऊ नका. प्रौढांसाठीची ३० मिलीची शिफारसही २०२१मध्ये 'ठाम'वरून 'सौम्य'वर आणली गेली.

गार हातपाय म्हणजे पाणी कमी, हे समीकरण सगळीकडे चालत नाही, याचा धडा महाराष्ट्राकडे जुना आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांत गार पडलेले हातपाय पाहिले, आणि त्यांच्या मुळाशी हृदयावर आलेला अतोनात भार व फुप्फुसांत साचणारे पाणी असल्याचे दाखवून प्राझोसिनचा उपचार रुजवला.

मग करायचे काय? प्रतिजैविक तासाभरात, आणि पू कुठे साठला असेल तर तो काढण्याची तजवीज लगेच. द्रव द्यायचा तर थोडा, मोजून, आणि प्रत्येक हप्त्यानंतर रुग्ण पुन्हा तपासून. रक्तदाब औषधाने लवकर सावरता येतो: बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयात ३१० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नॉरॲड्रेनलिन कमी मात्रेत सुरुवातीलाच दिल्यावर सहा तासांत शॉक आटोक्यात येण्याचे प्रमाण ७६ टक्के होते, एरवी ४८ टक्के. तपासायला महागडे यंत्र लागतेच असे नाही. बोटाचे टोक दाबून लाली परतायला किती सेकंद लागतात, एवढ्यावर उपचार बेतणारी 'अँड्रोमेडा-शॉक' ही चाचणी २०१९ साली ४२४ रुग्णांवर झाली. रक्तातले लॅक्टेट मोजून उपचार केलेल्या गटापेक्षा या गटाला द्रव कमी लागला आणि मृत्यूही जास्त झाले नाहीत. म्हणून केसपेपरवर सलाईनचा आदेश लिहिताना वजनानुसार किती मिली, किती मिनिटांत, पुन्हा कोण आणि केव्हा तपासणार, आणि श्वासाचा वेग वाढला किंवा छातीत बुडबुड्यांचा आवाज आला तर थांबवायचे, हे चारही लिहिले गेले पाहिजेत, जसे ते इतर कोणत्याही औषधाबाबत लिहिले जातात.