शब्दवेध : कल्याण

‘कल्याण’ म्हणजे भलं, मंगल, हे आपल्याला ठाऊक आहे. ऋग्वेदात मात्र हा शब्द ‘सुंदर, मनोहर’ या अर्थाने येतो; तिथली ‘कल्याणी’ ही देखणी स्त्री. रूप सांगणारा शब्द पुढे हित सांगू लागला.

उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेल्या गावाचं हे नाव जवळजवळ दोन हजार वर्षांचं. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ते ‘कल्लिएना’ होऊन येतं. कान्हेरीच्या लेण्यांत तर दान देणारे आपण कल्याणचे असल्याचं दगडात कोरून ठेवतात. मला या माणसांचं फार अप्रूप वाटतं. दानाइतकंच त्यांना गावाचं नाव मोलाचं होतं.

१६५७ मध्ये शिवरायांनी कल्याण घेतलं, खाडीवर दुर्गाडी किल्ला उभा राहिला. १ मे १८५४ ला ठाण्याहून रेल्वे आली आणि बंदराचं उपनगर होऊ लागलं. आता रोज लाखोंच्या तोंडी हा शब्द असतो, पण गाडीची पाटी म्हणून.

कधी कल्याणला उतरलात, तर स्टेशनावरूनच परतू नका. दुर्गाडीवर चढा. खाडी तिथून अजून दिसते.