बुडत्या जहाजातील पोथ्या

भिक्षूच्या मालकीच्या वस्तू आठच : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कायबंधन आणि पाणी गाळण्याचे फडके. यावरून बौद्ध धम्म वस्तुमात्राविषयी उदासीन आहे, असा समज पुष्कळदा करून घेतला जातो. चिनी भिक्षू फाहियान यांचे प्रवासवृत्त वाचले म्हणजे हा समज आपल्याला तपासून पाहावा लागतो.

चीनमधील विनयग्रंथ अपुरे आहेत हे जाणून फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाले. श्रीलंकेस पोहोचेपर्यंत त्यांचे सोबती दुरावले होते. कोणी मरण पावले, कोणी मागे राहिले. अभयगिरी विहारात बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने अर्पण केलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा त्यांना दिसला आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. ही हकीकत त्यांनी लपविली नाही. विरक्ती म्हणजे दगडाचे काळीज नव्हे.

इ. स. ४११ मध्ये ते परतीच्या जहाजावर चढले. जहाजावर दोनशेहून अधिक माणसे होती. वादळात जहाजास भोक पडून पाणी आत शिरू लागले, तेव्हा व्यापारी आपला माल समुद्रात फेकू लागले. फाहियान यांनीही आपले जलपात्र, हातपाय धुण्याचे भांडे व इतर चीजवस्तू फेकून दिल्या. भीती एकच होती : व्यापारी पोथ्या आणि मूर्तीही फेकतील. तेरा दिवसांनी जहाज एका बेटास लागले. पुढे दुसऱ्या जहाजावर, हा श्रमणच वादळाचे कारण आहे, त्याला एखाद्या बेटावर सोडावे, असा विचार ब्राह्मण प्रवाशांनी मांडला. त्यांच्या आश्रयदात्याने तो हाणून पाडला. ४१२ मध्ये पोथ्या चीनच्या किनाऱ्यास लागल्या.

त्यांतील महीशासक विनयाचे भाषांतर फाहियान यांच्या निधनानंतर, ४२३-४२४ मध्ये, काश्मीरचे भिक्षू बुद्धजीव यांच्या साहाय्याने झाले. मूळ ग्रंथ आज संपूर्ण उपलब्ध नाही. तो आपल्याला चिनी भाषांतरातूनच कळतो. ज्यांच्यासाठी तो वाचविला, त्यांत दीड हजार वर्षांनंतरचे आपणही आहोत.

आसक्ती वस्तू स्वतःपाशी राहावी म्हणून धडपडते. जबाबदारी ती पुढच्यांपर्यंत पोहोचावी म्हणून. ग्रंथांसाठी ‘राजगृह’ उभारणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हा भेद नवा नाही. तरीही आपल्या घरांतील ट्रंकांत ‘जनता’ व ‘प्रबुद्ध भारत’चे जुने अंक, सभांची हस्तपत्रके, वडीलधाऱ्यांची पत्रे पडून असतात. कोणी मायेपोटी ती हात लावू देत नाही, कोणी रद्दीत घालतो. दोन्ही मार्गांनी ती नष्टच होतात. या कागदांच्या प्रती काढून त्या ग्रंथालयात, विहारात अभ्यासकांच्या हाती देणे, एवढे तरी आपण आपल्या हयातीत केले पाहिजे.