उसनी कासवं

मॉरिशसच्या कुठल्याही टूरचं वेळापत्रक उघडून बघा. एक दिवस इल ओ सर्फ बेट, तिथे पॅरासेलिंग आणि जेवण. एक दिवस शामारेलची सात रंगांची माती. एक दिवस गंगा तलाव. उरलेला वेळ समुद्र. तुमच्या ओळखीत कुणी हनिमूनला तिकडे जाऊन आलं असेल तर हे फोटो तुम्ही बघितलेच असतील.

या यादीत बहुतेक वेळा नसलेली एक अर्ध्या दिवसाची सहल आहे, आज तिच्याबद्दल सांगते. बेटाचं नाव इल ओ झेग्रेत, म्हणजे बगळ्यांचं बेट. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माएबूर नावाचं गाव आहे, त्याच्याजवळून बोटीने काही मिनिटांत पोचता येतं. अख्खं बेट जेमतेम २६ हेक्टर, म्हणजे साधारण ६५ एकर. तिथे पोहायचं नसतं, खायचं-प्यायचं नसतं. गाइडबरोबर रानातून चालायचं. वाटेत अंगावर येईल एवढं मोठं कासव पालापाचोळा चघळत बसलेलं दिसतं. लोक त्याचे फोटो काढतात आणि समजतात, की हे इथलंच.

ते इथलं नाही. ते उसनं आणलेलं आहे. का, ते कळायला आधी चारशे वर्षं मागे जावं लागेल.

हत्तीच्या जागी कासव

मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. कुठल्याही खंडाशी ते कधी जोडलेलं नव्हतं, त्यामुळे वटवाघळं सोडली तर तिथे सस्तन प्राणी पोचलेच नाहीत. हरीण नाही, माकड नाही, उंदीरसुद्धा नाही. आपल्याकडे हत्ती, गवे, अस्वलं जे काम करतात, झाडपाला खाणं, मोठी फळं गिळणं, बिया लांब नेऊन टाकणं, ते काम तिथे पक्षी, वटवाघळं आणि कासवं करत होती. मॉरिशसमध्ये महाकाय कासवांच्या दोन जाती होत्या. शिवाय न उडणारा डोडो.

१५९८ मध्ये डच जहाजं इथे लागली आणि त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या, नावावरून बेटाचं नाव ठेवलं. १६३८ पासून डचांनी वस्ती केली. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: आबनुसाचं काळं लाकूड आणि जहाजांसाठी ताजं मांस. कासवाचा दोष एवढाच, की ते खाण्यापिण्याशिवाय बरेच दिवस जगू शकतं. फ्रिजच्या आधीच्या काळात खलाशांना याहून सोयीचं काय असणार? जिवंत कासवं जहाजाच्या तळघरात रचून ठेवायची आणि लागेल तसं एकेक कापायचं.

माणसांबरोबर उंदीर, डुकरं, माकडं आली. जावाहून हरणं आणली गेली. इल ओ सर्फ म्हणजे हरणांचं बेट, ते नाव याच पाहुण्यांचं. जमिनीवर अंडी घालणाऱ्यांची मग काय गत झाली असेल ते सांगायला नको. डोडो दिसल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ ची. मॉरिशसची कासवंही अठराव्या शतकात संपली. मग फ्रेंचांनी शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरून हजारो कासवं जहाजं भरभरून आणली. तीही संपली.

चिखलात पाय घालणारी माणसं

इथे आपली माणसं गोष्टीत येतात.

१८१० मध्ये मॉरिशस इंग्रजांकडे गेलं. गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ ला ३६ मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईला उतरली. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत हा आकडा साडेचार लाखांच्या आसपास गेला. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रासमार्गे गेले, पण मुंबई बंदरातूनही हजारो गेले आणि त्यांत रत्नागिरीकडचे बरेच होते. मॉरिशसमध्ये आज मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, ती यामुळे. हे मजूर ज्या जागी उतरत तो आप्रवासी घाट आता जागतिक वारसा यादीत आहे. पोर्ट लुईला जाल तेव्हा तोही बघा.

तर, माएबूरमध्ये जॉर्ज क्लार्क नावाचे एक शाळामास्तर होते. डोडोची हाडं कुठेतरी सापडतील म्हणून ते वर्षानुवर्षं शोधत होते. १८६५ मध्ये जवळच्या मार ओ साँज या दलदलीत ती सापडली. कशी? क्लार्क यांनी स्वतःच लिहून ठेवलंय: त्यांनी काही मजुरांना दलदलीच्या मध्यभागी पाठवलं आणि ते लोक अनवाणी पायांनी चिखल चाचपत हाडं शोधत गेले. मजुरांसाठी त्यांनी ‘कुली’ हा शब्द वापरला आहे. त्या काळच्या मॉरिशसमध्ये हा शब्द मुख्यतः हिंदुस्थानी मजुरांसाठीच होता.

ती हाडं लंडनला गेली, रिचर्ड ओवेन यांनी त्यावर मोठा प्रबंध लिहिला आणि डोडो विज्ञानाच्या पुस्तकात पक्का झाला. क्लार्क यांचं नाव आहे, ओवेन यांचं तर आहेच. ज्यांच्या तळपायाला डोडोचं हाड पहिल्यांदा लागलं त्यांचं नाव कुठेच नाही. ते कोकणातले होते की बिहारमधले की तमिळ, आता कळायला मार्ग नाही. मी जंगलात काम करते, आणि आमच्याकडेही झाड ओळखणारा, वाट काढणारा गावातला माणूस शोधनिबंधात शेवटच्या आभाराच्या ओळीत असतो. कधीकधी तिथेही नसतो. म्हणून ही गोष्ट मला डोडोपेक्षा जास्त लागते.

बी पडतं, पण पुढे?

आता माझ्या विषयाकडे येते. मी बीजप्रसारावर काम करते, म्हणजे झाडाचं बी आईपासून लांब कसं जातं यावर. झाडाखालीच बी पडलं तर त्याचं फारसं भलं होत नाही. एक तर सावली. दुसरं म्हणजे त्या जातीवर जगणारे किडे आणि बुरशी नेमक्या आईभोवतीच जमलेल्या असतात. सह्याद्रीत हे काम धनेश करतो: फळ गिळतो, उडतो आणि बी लांब कुठेतरी ओकून टाकतो. धनेश गेला तर झाडं दुसऱ्या दिवशी मरत नाहीत. ती दीडशे वर्षं उभी राहतील, फुलतील, फळतील. फक्त खाली नवीन पिढी नसेल. बाहेरून बघणाऱ्याला जंगल ठणठणीत वाटेल.

यावरची सगळ्यात गाजलेली गोष्ट मॉरिशसचीच आहे. १९७७ मध्ये स्टॅन्ली टेम्पल या शास्त्रज्ञाने मांडलं, की तांबालाकॉक नावाच्या झाडाचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही, म्हणून डोडो गेल्यावर झाडही संपत आलं. त्याने टर्की पक्ष्यांना १७ बिया भरवल्या, त्यातल्या तीन रुजल्या. गोष्ट इतकी सुबक होती की पाठ्यपुस्तकांत गेली. पण तुलनेसाठी न भरवलेल्या बिया त्याने लावल्याच नव्हत्या! पुढे इतरांनी दाखवलं, की या बिया डोडोविना रुजतात आणि तीनशे वर्षांपेक्षा लहान झाडंही रानात आहेत. तिकडे गाइडने ही गोष्ट सांगितली तर ऐका, पण पूर्ण विश्वास ठेवू नका.

उसनवारीचा प्रयोग

इल ओ झेग्रेतवर मात्र तुलना नीट झाली. हे बेट प्रवाळाच्या चुनखडीचं. इथलं रान तोडलं गेलं, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे तोफा बसवल्या. तरीही किनारपट्टीच्या मूळ आबनूस-जंगलाचा एक तुकडा वाचला. इथला आबनूस आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातला. विदर्भातल्या वाचकांना फळ लगेच डोळ्यांसमोर येईल. १९६५ मध्ये बेट राखीव झालं. पुढे मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने ते हाती घेतलं, उंदीर-मांजरं हटवली, परदेशी झुडपं उपटली.

आबनूस फळत होता, पण रोपं आईखालीच दाटीने उगवत होती. फळ गिळून पुढे नेणारं कुणी उरलं नव्हतं. मूळ कासव परत आणता येत नाही. मग २००० साली सेशेल्सकडच्या अल्दाब्रा बेटाच्या जातीची महाकाय कासवं आणली, आधी कुंपणात, मग मोकळी. ही जात वाचली त्यालाही एक कारण आहे. १८७४ मध्ये डार्विनसह काही शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून अल्दाब्राच्या कासवांना संरक्षण द्या अशी विनंती केली होती.

२०११ मध्ये ‘करंट बायोलॉजी’मध्ये निकाल आले. कासवं आबनुसाची फळं खात होती, बिया बेटभर टाकत होती, पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजत होतं. ज्या भागातली झाडं पूर्वी तोडली गेली होती तिथेही नवी रोपं उभी राहिली होती.

मग जंगल ‘परत आलं’ का? माझं प्रामाणिक मत: नाही. काम परत आलं, कामगार वेगळा आहे. हा फरक विसरला की पुढची पायरी धोक्याची असते. ‘गेला प्राणी तर दुसरा आणू’ असं म्हणणं सोपं होतं. इथे जमलं, कारण बेट छोटं आहे, कासव हळू चालतं आणि काही बिघडलं तर उचलून परत नेता येतं. सह्याद्रीतल्या धनेशाला असा बदली कामगार नाही. आपल्याकडे असलेला टिकवणं हाच स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

उसाची पानं

२५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे जपानी मालकीचं मालवाहू जहाज इथून जवळच, पॉइंत देस्नीच्या प्रवाळखडकावर आदळलं. ६ ऑगस्टपासून सुमारे हजार टन तेल समुद्रात आलं आणि इल ओ झेग्रेतलाही लागलं. कर्मचाऱ्यांनी बेटावरून दुर्मीळ रोपं आणि काही पक्षी हलवले. किनाऱ्यावरच्या गावांतले लोक कुणाची वाट न बघता उतरले. त्यांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट भरलं आणि तेल अडवायला त्या पाण्यावर सोडल्या. ज्या उसासाठी बेटावरचं रान कापलं गेलं आणि ज्याच्यासाठी आपली माणसं तिकडे नेली गेली, त्याच उसाचं पाचट.

मॉरिशसमध्ये चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल आता दोन टक्क्यांहून कमी उरलंय. त्यातला एक तुकडा तुम्ही दोन तासांत चालून येऊ शकता. तिकिटाचे पैसे संवर्धनाच्या कामी लागतात. तेव्हा तुमचं किंवा कुणा ओळखीच्याचं बुकिंग होत असेल तर एजंटला सांगून अर्धा दिवस मोकळा ठेवा. गुलाबी कबूतर दिसलं तर नशीब. १९९० च्या आसपास रानात ती जेमतेम दहा उरली होती, आता काहीशे आहेत.

पुढच्या लेखात धनेश आणि देवराया. तुमच्या गावच्या देवराईत धनेशाला काय म्हणतात, तेवढं मला कळवा.