कवडसा

परवा नातू ट्रेकची तयारी करत होता. पिशवीत एक जुनी सीडी दिसली. म्हणाला, "आजोबा, अडकलो तर आरसा म्हणून!" मला एकदम १९८३ ची सहल आठवली.

इगतपुरीहून आम्ही मुलांना कळसूबाईला नेलं होतं. वाटेत एकाचा पाय चांगलाच मुरगळला. बाकीचे शिखराजवळ पोचलेले. मागे मी, तो आणि त्याचा बाकमित्र. वाऱ्यात हाका विरून जात होत्या. बाकमित्राने खिशातून आरसा काढला. याच आरशापायी तो वर्गात माझी बोलणी खायचा, फळ्यावर कवडसे पाडायचा ना!

माझा कवडसा भलतीकडेच जाई. सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे किलोमीटरभर अंतरावर कवडसा साधारण ९ मीटरच रुंद होतो. हात जरा हलला की नेम चुकला. पोराने दुसरा हात लांब केला, दोन बोटांच्या बेचक्यात शिखर धरलं आणि कवडसा बोटांवर खेळवत राहिला. थोड्या वेळाने वरून आमचे एक सहकारी चार मुलांना घेऊन उतरताना दिसले. हुश्श!

ही युक्ती त्याला कुणी शिकवली कोण जाणे, पण विद्या जुनी. जर्मनीत मोजणी करताना गाउसला दूरच्या चर्चच्या खिडकीची काच चमकताना दिसली आणि १८२१ मध्ये त्याने हेलिओट्रोप बनवला. १८३० च्या दशकात जॉर्ज एव्हरेस्टने तो हिंदुस्थानच्या मोजणीत वापरला. दूरच्या टेकडीवर माणूस आरसा धरून बसे, दुर्बिणीतून त्या ठिणगीवर कोन घेतला जाई. पुढे १८६९ मध्ये तार खात्यातल्या हेन्री मॅन्सने कराचीत हेलिओग्राफ तयार केला. आरसा किंचित झुकवून मॉर्सची अक्षरं पाठवायची! कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होती, हे वर्गात सांगितलं की मुलांचा विश्वास बसत नसे. दुसऱ्या अफगाण युद्धात (१८७८-८०) त्याचा भरपूर उपयोग झाला.

पण मंडळी, हे सगळं ऊन असेल तर. आमच्या इगतपुरीत पावसाळ्यात सूर्य रजेवरच असतो, आणि नातवाचा ट्रेक जुलैतला. सीडी मी काढली नाही. मधल्या भोकातून नेम बरा धरता येतो म्हणे. शिट्टी मात्र दोरीत ओवून त्याच्या गळ्यात अडकवली.