माथेरान : चालता न येणाऱ्यांची पावणेदोनशे वर्षं

माथेरानला गेलेल्या प्रत्येकाने हे दृश्य पाहिलंय. दस्तुरी नाक्यावर गाडी थांबते, पुढे मोटारीला बंदी. धडधाकट माणसं लाल मातीतून चालू लागतात, पोरं घोड्यासाठी हट्ट धरतात आणि गुडघे गेलेल्या आजी हातरिक्षात बसतात. एकजण पुढून ओढतो, दुसरा मागून ढकलतो. बसणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, ओढणाऱ्याला धाप लागते. पण दुसरा मार्ग दोघांकडेही नसतो.

हा प्रश्न नुसता हातरिक्षाचा नाही. तो माथेरान वसलं तेव्हापासूनचा आहे.

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले. इथल्या धनगर, ठाकर, कातकऱ्यांना डोंगर आधीपासून माहीत होता, पण साहेबाने पाहिला म्हणून 'शोध' लागला! मग बंगले उभे राहिले. कशासाठी? थंड हवेसाठी, प्रकृतीसाठी. म्हणजे ज्यांना मुंबईचा उन्हाळा सोसत नाही, त्यांच्यासाठी ही जागा होती. आणि नेमक्या त्याच माणसांना नेरळहून वर चढवत नसे. त्यांच्यासाठी तट्टू होतं, पालखी होती. पालखी कोणाच्या खांद्यावर होती, हे सांगायला नकोच.

हे चित्र पहिल्यांदा बदललं ते रेल्वेने. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०१ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरान मार्ग बांधून घेतला. सुमारे २१ किलोमीटर, रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. नेरळ समुद्रसपाटीपासून साधारण ४० मीटरवर, माथेरान ८०० मीटरच्या आसपास. सरळ चढायचं म्हटलं तर इंजिन जागेवरच बसलं असतं. म्हणून रूळ डोंगराला वळसे घालत नेले आणि चढ ठेवला १:२०, म्हणजे वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर.

हा आकडा लक्षात ठेवा. आज सरकारी इमारतीत व्हीलचेअरसाठी जो उतार बांधतात, त्याची कमाल मर्यादा १:१२ असते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात, व्हीलचेअरच्या रॅम्पहून सौम्य चढाची वाट काढून दाखवलेली आहे. 'डोंगर आहे, चढ असणारच, काय करणार?' हे उत्तर १९०७ सालीच निकालात निघालं.

अर्थात गाडीनेही सगळं सुटलं नाही. डबे अरुंद, साधी व्हीलचेअर त्या रुळांमधल्या अंतराहूनही थोडी रुंदच भरते. शिवाय डोंगर खचला की गाडी बंद. २००५ च्या जुलैमधल्या पुरात मार्ग उखडला, तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच. दरवेळी ज्याला चालता येत नाही तो परत माणसाच्या खांद्यावर.

२००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. मोटारी नाहीत म्हणून तिथलं जंगल टिकलंय, यात वाद नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावली. ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढायची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, पैसे नाहीत हे कारण चालणार नाही. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉकला मान्यता, आतले रस्ते आणि जंगलवाटा मात्र मातीच्याच.

निर्णय योग्यच आहे. पण या सगळ्या वर्षांत बाजू कोणाकोणाच्या मांडल्या गेल्या पाहा. घोडेवाले, रिक्षावाले, हॉटेलवाले, पर्यावरणवाले. सगळ्यांचं म्हणणं रास्त. व्हीलचेअरवरच्या माणसाचं म्हणणं मात्र कोणी फारसं विचारलं नाही. तो आता ई-रिक्षाने बाजारापर्यंत जाईल, चिक्की घेईल, हॉटेलच्या व्हरांड्यात बसेल. घरचे पॉइंटवर जाऊन फोटो आणतील, ते तो मोबाइलवर बघेल. झालं माथेरान!

मग जंगलात सिमेंट ओतायचं का? अजिबात नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात लिंबरलॉस्ट नावाची दोन किलोमीटरच्या आसपासची गोल वाट आहे. डोंगरातच, झाडीतूनच. बारीक फोडलेला दगड दाबून बसवलाय आणि चढ सौम्य ठेवलाय. व्हीलचेअर जाते, बाबागाडी जाते, आजोबाही जातात. आपल्याकडे पाऊस कितीतरी जास्त, त्यामुळे पाण्याचा निचरा वेगळा करावा लागेल आणि घोड्यांची वाट बाजूला ठेवावी लागेल. पण हे अशक्य नाही.

कायदाही बाजूने आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रमांतल्या सहभागाचा उल्लेख आहे. म्हणजे दिव्यांगांचा हक्क दवाखाना, शाळा आणि सरकारी कचेरीपुरता नाही, रानात फिरण्याचाही आहे.

माथेरानच्या सगळ्या वाटा बदला असं कोणी म्हणत नाहीये. पठारावरची एकच सपाट वाट निवडा. जांभ्याचाच दगड वापरा, एकही झाड तोडू नका, आणि आखणी करताना व्हीलचेअरवरच्या चार जणांना बरोबर घ्या. न्यायालयासमोर पुढे कधी वाटांचा विषय निघेल तेव्हा ही मागणी कोणीतरी मांडायला हवी.

पालखीपासून ई-रिक्षापर्यंत पावणेदोनशे वर्षांत आपण फक्त 'यांना वर कसं न्यायचं' एवढंच ठरवत आलो. वर पोचल्यावर त्यांना स्वतःहून, कोणाचा हात न धरता, झाडाखालून अर्धा तास फिरता यावं, एवढं मागणं जास्त आहे का?

तुमच्या घरातलं कोणी माथेरानला जाऊन फक्त हॉटेलात बसून आलं असेल तर खाली लिहा. नगरपरिषदेला निवेदन द्यायचं तर त्यांचे अनुभवच उपयोगी पडतील.