मांजराचा मधुमेह : पथ्य माणसाचे नको, मांजराचे हवे

एप्रिल संपत आला की नागपुरात घरोघरी कूलरची घरघर सुरू होते आणि घरातले मांजर कूलरसमोरच्या गार फरशीवर अंग टाकून देते. दिवसातून चार वेळा पाण्याच्या भांड्याकडे जाते. पारा ४५ अंशांकडे झेपावत असताना त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मात्र तेच मांजर दहा-बारा वर्षांचे असेल, पाण्याचे भांडे मागील उन्हाळ्यांपेक्षा लवकर रिकामे होत असेल, लिटर ट्रेमधील ओले गोळे मोठे होऊ लागले असतील आणि पोटभर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागत असेल, तर दोष केवळ उन्हाचा नसतो. लघवीच्या जागी मुंग्या लागल्या तर संशय आणखी बळावतो. मांजरांनाही मधुमेह होतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो तहानेच्या आड सहज लपतो.

हा आजार माणसाच्या ‘टाइप २’ मधुमेहाशी बराच जुळतो. स्वादुपिंडातून इन्शुलिन पाझरते, परंतु शरीर त्याला दाद देत नाही. पुढे इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीही थकतात. सात-आठ वर्षांपुढील, नसबंदी झालेला, घराबाहेर न पडणारा आणि अंगाने सुटलेला बोका हा या आजाराचा ठरलेला बळी. निरनिराळ्या पाहण्यांतून दर शंभर ते पाचशे मांजरांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. खाजेसाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनेही काही मांजरांत त्याला निमंत्रण देतात. रोग अंगात मुरला की काही मांजरे मागील पायांच्या पंजांवर न चालता टाचा टेकवून चालू लागतात. हा मज्जातंतूंवरील परिणाम असतो. म्हातारपणाने पाय गेले, असे समजून पुष्कळ घरांत त्याकडे दुर्लक्ष होते.

निदानासाठी रक्तातील साखरेचा एकच आकडा पुरत नाही. पिशवीत घालून, ऑटोतून दवाखान्यात आणलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते. म्हणून लघवीतील साखर आणि मागील एक-दोन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी यांचा आधार घेतला जातो. म्हाताऱ्या मांजराच्या मूत्रपिंडाची व दातांची तपासणीही त्याच वेळी व्हावयास हवी, कारण पुढचा सारा आहार तिच्यावर ठरतो. नागपुरात खासगी दवाखान्यांखेरीज सेमिनरी हिल्स येथील, १९५८ साली स्थापन झालेल्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. हे महाविद्यालय महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते.

आजोबांचे पथ्य मांजराला लागू नाही

निदान झाल्यावर खरी गफलत स्वयंपाकघरात होते. मधुमेहाचे पथ्य आपल्या घरांना पाठ असते. साखर बंद, भात कमी, ज्वारीची भाकरी, मेथी, कारले, जांभळाच्या बियांची पूड आणि मांसाहारावर आवर. हेच पथ्य मांजराच्या ताटलीत उतरले की रोग हटण्याऐवजी वाढतो. भाकरी पोळीपेक्षा बरी, हा माणसाचा हिशेब. मांजराच्या दृष्टीने दोन्ही पिष्टमय पदार्थच.

मांजर हा पूर्णपणे मांसभक्षक प्राणी आहे. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारे अमायलेज नसते. जेवणानंतर उसळलेली साखर चटकन ताब्यात घेणारे ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्या यकृतात अत्यल्प असते. उलट प्रथिनांपासून साखर तयार करण्याचे काम त्याचे यकृत अखंड करीत राहते. उंदीर-चिमण्यांवर जगणाऱ्या जिवाला निसर्गाने दिलेली ही व्यवस्था आहे. उंदरात पिष्ट नावालाच असते. अशा शरीरावर रोज दूध-पोळी, दहीभात किंवा पिष्टाने भरलेले कोरडे दाणे यांचा मारा झाला, की साखर चढते आणि बराच वेळ उतरत नाही. दुधाचे तर दुहेरी दुखणे. त्यातील लॅक्टोज ही साखरच, शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना ती पचत नाही.

म्हणून मधुमेही मांजराच्या आहाराचे सूत्र माणसाच्या पथ्याहून वेगळे आहे : प्रथिने भरपूर, कर्बोदके अगदी कमी. एकूण ऊर्जेपैकी कर्बोदकांपासून मिळणारा वाटा साधारणपणे १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावा आणि प्रथिनांचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असावा, असे पशुवैद्यक सांगतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६३ मधुमेही मांजरांना १६ आठवडे दोन प्रकारचे डबाबंद ओले खाद्य देण्यात आले. कमी कर्बोदकांच्या गटातील ६८ टक्के मांजरांची इन्शुलिनची गरज संपली. मध्यम कर्बोदके व जास्त तंतू असलेल्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते.

पाकिटावरचा हिशेब

बाजारातील बहुतेक पाकिटांवर कर्बोदकांचा आकडा छापलेला नसतो. तो काढणे मात्र अवघड नाही. प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख यांच्या टक्केवारीची बेरीज शंभरातून वजा केली, की उरतात ती कर्बोदके. राखेचा आकडा नसल्यास कोरड्या खाद्यात तो सुमारे ८ आणि ओल्यात २ धरावा.

उदाहरणादाखल, एखाद्या कोरड्या खाद्यात प्रथिने ३२, स्निग्धांश १०, तंतू ४, ओलावा १० आणि राख ८ टक्के असेल, तर बेरीज ६४ आणि कर्बोदके ३६ टक्के. ऊर्जेच्या हिशेबाने त्यांचा वाटा ३९ टक्क्यांवर जातो. आता ओल्या खाद्याचे पाउच घेतले. प्रथिने ८, स्निग्धांश ३, तंतू १, ओलावा ८४, राख २ टक्के. कर्बोदके उरली २ टक्के. आकडा क्षुल्लक दिसतो, परंतु पाउचमध्ये बहुतांश पाणीच असल्याने ऊर्जेतील त्यांचा वाटा सुमारे १२ टक्के भरतो. हेच २ टक्के ४ झाले तर वाटा २० टक्क्यांपलीकडे जातो. दाट ग्रेव्हीच्या पाउचमध्ये पिष्ट अधिक असण्याचा संभव असतो, म्हणून पाउच घेतानाही पाकीट उलटून पाहावे. ओल्या खाद्याचा आणखी एक लाभ असा, की सतत लघवीवाटे पाणी गमावणाऱ्या जिवाच्या पोटात त्यातून पाणी जाते.

घरी शिजवायचे झाल्यास हाडाविना चिकन किंवा रोहू-कटलासारख्या माशाचे काटे काढलेले तुकडे अळणी उकडून देता येतात. उकडलेले पाणी फेकू नये. मांजराच्या हृदयाला व डोळ्यांना अत्यावश्यक असलेले टॉरिन त्यात उतरते. केवळ चिकनवर मात्र महिनोन्‌महिने काढता येत नाहीत. त्यात कॅल्शियम अपुरे पडते, त्यामुळे टॉरिन, कॅल्शियम व जीवनसत्त्वांची पूरके पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावी लागतात. सावजी रश्श्यातील तुकडा धुऊन मांजराला घालण्याची सवय असलेल्यांनी ती सोडलेली बरी. तिखट धुऊन जाते, पण रश्श्यात मुरलेला कांदा-लसूण जात नाही आणि तो मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो.

ज्या घरात मांस शिजत नाही, तेथे हा प्रश्न खरोखर नाजूक असतो. उकडलेले अंडे काही अंशी उपयोगी पडते, परंतु निव्वळ अंड्यावर किंवा पनीरवर मांजर जगत नाही. टॉरिन, अॅराकिडोनिक आम्ल आणि तयार स्वरूपातील अ जीवनसत्त्व त्याला प्राणिज अन्नातूनच मिळते. अशा घरांना बंद पाउचचा किंवा डब्याचा मार्ग सोयीचा. ताटली, चमचा वेगळा ठेवला आणि बाल्कनीत जागा नेमून दिली, की चुलीचा विटाळ होत नाही आणि मांजराचेही पोट भरते. यात मांजराला काही मागे ठेवून नियम पाळण्याची मुभा नाही, हे घरातील ज्येष्ठांना एकदा समजावून सांगावे लागते.

बदल करताना धोका कोठे

येथे सर्वांत मोठी सावधगिरी हवी. मांजराला इन्शुलिन चालू असेल आणि घरच्यांनी उत्साहाच्या भरात एका दिवसात कोरडे खाद्य बंद करून ओले सुरू केले, तर इन्शुलिनची गरज झपाट्याने घटते. जुनाच डोस टोचत राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकते. आहार बदलण्यापूर्वी पशुवैद्यकांना कळवावे, बदल आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने करावा आणि त्या काळात कानाच्या कडेवरील थेंबभर रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. मांजर लडखडू लागले, डोके एका बाजूला झुकले, अंग थरथरले किंवा झटके आले, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळून थेट दवाखाना गाठावा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पातळ काही ओतू नये.

दुसरी चूक उपाशी ठेवण्याची. ‘भूक लागली की खाईल’ हे तत्त्व मांजराच्या जिवावर बेतू शकते. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, की यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ लागते. नवे खाद्य नाकारले तर जुन्यात मिसळून द्यावे, किंचित कोमट करावे, पण काहीतरी पोटात जाईल हे पाहावे. मांजर जेवले नाही तर इन्शुलिनचा नेहमीचा डोस आपल्या मनाने देऊ नये. फोन करून विचारावे. न खाणे, उलट्या आणि मरगळ एकत्र दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

वजन उतरवतानाही घाई नको. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे सहा किलोच्या बोक्याचे ३० ते ६० ग्रॅम. आधीच रोडावलेल्या मांजराला मात्र अधिक खायला घालावे लागते. मूत्रपिंडे थकलेली असतील तर प्रथिनांचे व फॉस्फरसचे प्रमाण हा पशुवैद्यकांचा प्रांत. अशा वेळी मधुमेहाचे आदर्श खाद्य बाजूला ठेवून मांजर जे खाईल ते स्वीकारण्याचा सल्लाही दिला जातो.

घरातील मधुमेहाच्या गोळ्यांच्या पट्टीला हात लावू नये, हे वेगळे सांगायला हवे का? दुर्दैवाने हवे. अमेरिकेत २०२२ साली बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ साली व्हेलाग्लिफ्लोझिन या तोंडावाटे द्यायच्या औषधांना मांजरांसाठी मान्यता मिळाली, पण तीही पूर्वी इन्शुलिन न घेतलेल्या, निवडक मांजरांसाठी आणि रक्ततपासणीच्या कडक अटींसह.

सुई आणि ऊन

भारतात इन्शुलिन मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते. त्यांच्या सिरिंजही निराळ्या. ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. १०० चे इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरले, तर डोस अडीचपट होतो. मांजराचा डोस बहुधा एखाद्या युनिटापासून सुरू होतो, त्यामुळे ही चूक महागात पडते. कुपी २ ते ८ अंश तापमानात, फ्रिजच्या दारात ठेवावी, फ्रीझरमध्ये नव्हे. नवतपाच्या दिवसांत दुचाकीच्या डिकीतून औषध आणणे टाळावे. ओले खाद्यही त्या उकाड्यात तासभरही टिकत नाही. अर्ध्या तासात उरलेले उचलून टाकावे.

आहार आणि इन्शुलिन यांची जोड लवकर जमली, तर काही मांजरांत इन्शुलिन पूर्णपणे थांबवता येते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ मांजरांना कमी कर्बोदकांचे खाद्य, ग्लार्जिन इन्शुलिन आणि घरच्या घरी साखरेची काटेकोर तपासणी देण्यात आली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हे उपचार सुरू झालेल्या मांजरांपैकी ८४ टक्के इन्शुलिनमुक्त झाली. उशिरा सुरू झालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. उन्हाळ्यातील तहान पावसाळ्यापर्यंत पाहू, असे म्हणणाऱ्यांच्या हातून नेमके हेच महिने निसटतात.

इन्शुलिन थांबले तरी कोरड्या दाण्यांचा डबा पुन्हा उघडायचा नसतो. काही मांजरांत रोग उलटतो. म्हणून अधूनमधून साखर पाहणे आणि पाण्याच्या भांड्यावर नजर ठेवणे सुरूच राहते. फ्लॅट स्कीममध्ये मोकळे हिंडणाऱ्या बोक्याच्या बाबतीत आणखी एक काम उरते. खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळी त्याला दूध-पोळी घालत नाहीत ना, हे विचारून येणे.